लगवरचा दाब

सुकापूरच्या आमच्या सोसायटीच्या मीटररूममधून जळका वास आला तेव्हा एप्रिल होता, घरोघरी एसी चालू होते. मेन स्विच पाडून पाहिलं तर एका केबलचं टोक काळंठिक्कर पडलेलं. लग धरून वायर हलकेच ओढली आणि ती सरळ बाहेर आली. तो लग बारा वर्षांपूर्वी मीच बसवला होता.

मीटररूमच्या बरोबर वरच्या घरात एक आजी एकट्या राहतात. त्या रात्री मला झोप लागली नाही.

तेव्हा माझ्याकडे क्रिम्पिंग टूल नव्हतं. लग चढवायचा, हातोडीने दोन ठोके मारायचे, झालं. अब्बांनी तळोजा एमआयडीसीत पॅनेल वायरिंग करण्यात उमर घालवली. ते म्हणायचे, "एक लग चांगला बसला तर खूश नको होऊ. शंभर एकसारखे बसव, मग बोल."

ठोक्याने लग एका बाजूने चेपतो, आत पोकळी राहते. थोड्याच जागेतून सगळा करंट जातो, तिथे तांबं तापतं, गार होतं, अजून सैल होतं. करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट. म्हणून दुखणं उन्हाळ्यातच बाहेर येतं. जास्त दाबणंही वाईटच. तारा चेपून तुटतात.

शेजारची मुलगी पिस्तूल नेमबाजी शिकते. 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत 25 मीटर पिस्तूलमध्ये सुवर्ण जिंकणारी कोल्हापूरची राही सरनोबत तिची आदर्श. तिला हा किस्सा सांगितला तर ती म्हणाली, "काका, काडतुसातही असंच असतं." गोळी धरून ठेवायला पितळी नळीचं तोंड किंचित आत दाबतात. परदेशात काही लोक वापरलेल्या नळ्या घरीच पुन्हा भरतात. (आपल्याकडे 1959 च्या शस्त्र कायद्यामुळे परवान्याशिवाय काडतुसं बनवता येत नाहीत, आणि ते बरंच आहे.) त्यांची तक्रारही हीच की यंत्र तेच, सेटिंग तेच, तरी दाब कमीजास्त पडतो. कारण नळ्यांची लांबीच सारखी नसते.

मी हसलो. आमच्याकडेही दोष बहुतेक वेळा दाबण्याच्या आधीच झालेला असतो. वायर कधी जास्त सोलली, कधी कमी. पंचवीसच्या लगमध्ये सोळाची वायर कोंबली. मग टूल कितीही महाग असू दे.

आता रॅचेटचं टूल आहे. पूर्ण दाब बसल्याशिवाय ते उघडतच नाही. सोलायच्या लांबीची खूण मी टेबलाच्या कडेवर कोरून ठेवली आहे. दर लग ओढून पाहतो, अब्बा ओढायचे तसा, पाय भिंतीला लावून.

मीटररूममधले जुने लग मी दोन रविवार बसून कापले. एकूण अडतीस. नऊ हातात निघून आले. सेक्रेटरींनी बिल मागितलं, मी दिलं नाही. का, ते त्यांना अजून सांगितलेलं नाही.