शब्दांची खतावणी

गेल्या चातुर्मासाच्या आरंभी माझी धाकटी बहीण शिरवळहून भोरला माझ्याकडे आली. जेवणे आटोपल्यावर तिने पिशवीतून एक पाकीट काढले आणि म्हणाली, ‘‘दादा, हे जरा वाचून दे. महिना झाला येऊन. यांच्या दवाखान्याच्या बिलाचं आहे.’’

पत्र विमा कंपनीचे होते, चार ओळींचे. त्यातला ‘रिग्रेट’ हा शब्द तिला ठाऊक होता. खेद वाटतो, म्हणजे उशीर झाल्याबद्दल खेद असेल आणि पैसे मागाहून येतील, असा अर्थ लावून तिने ते कपाटात ठेवून दिले होते. मुलगा पुण्याला नोकरीत, त्याला फोनवर काय विचारायचे, म्हणून विचारले नाही. पुढचा शब्द होता ‘रिपुडिएटेड’. कंपनीने दावा साफ फेटाळला होता.

‘‘मग ‘रिजेक्ट’ का नाही लिहिलं?’’ ती म्हणाली. ‘‘दुकानात माल परत जातो तेव्हा रोज ऐकते मी तो शब्द. लगेच कळलं असतं.’’

प्रश्न अगदी रास्त होता. ‘रिजेक्ट’ म्हणजे नाकारणे. ‘रिपुडिएट’ म्हणजे ही जबाबदारी आमची नाहीच, असे म्हणून हात झटकणे. दोन्ही शब्द कोशात शेजारी बसतात, पण एक नसतात. दाद मागण्याची मुदत सुदैवाने गेलेली नव्हती. मी तिला अर्ज लिहून दिला आणि ते प्रकरण योग्य ठिकाणी पोहोचले. त्याविषयी येथे अधिक लिहीत नाही. त्या दुपारी पुढे जे घडले, ते सांगण्यासाठी हा लेख.

‘‘हे शब्द तुला कुठून येतात रे?’’ तिने विचारले. मी माळ्यावरच्या ट्रंकेतून एक वही काढली. लाल कापडी बांधणीची, आमच्या दुकानात खतावणीसाठी येत असे तसली. तिने पाने उलटली आणि शांतपणे म्हणाली, ‘‘ही वही मला माहीत आहे. तू सुट्टीत पुण्याहून यायचास तेव्हा उशाशी असायची. मी एकदा मागितली होती.’’

मला ते आठवत नव्हते.

आमचे वडील भोरच्या बाजारपेठेत किराणा व भुसाराचा व्यापार करीत. घरात मारवाडी, गिऱ्हाइकाशी मराठी, स्थानकात महाराजसाहेबांच्या तोंडून प्राकृत गाथा आणि हिंदी प्रवचन, अशा भाषा आम्हा भावंडांच्या कानांवर सहज पडत. इंग्रजी मात्र पाचवीत प्रथम भेटली. २००० सालापासून महाराष्ट्रात ती पहिलीपासून शिकवली जाते. आमच्या वेळी तसे नव्हते. घरात इंग्रजीचे एकच पुस्तक होते, काकांनी जपलेली तर्खडकरांची भाषांतर पाठमाला. मराठी मुलखातील कित्येक पिढ्या त्या पाठमालेवर इंग्रजी शिकल्या. तिचे मर्म मला फार उशिरा उमगले. ती शब्द देते, पण शब्दावर थांबत नाही; लगेच वाक्ये करायला लावते. मी तेव्हा शब्द तेवढे पाठ करीत असे आणि वाक्ये सोडून देत असे.

कॉलेजसाठी पुण्याला गेलो, तेव्हा मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला वाणिज्य शाखेची इंग्रजी पुस्तके डोंगरासारखी वाटली. अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांतून नॉर्मन लुईस यांचे ‘वर्ड पॉवर मेड ईझी’ मिळाले. मूळ १९४९ सालचे हे पुस्तक आजही दुकानांतून विकले जाते. त्याच सुमारास मी ही वही सुरू केली. प्रत्येक शब्दाला एक खाते. जुन्या वहीत जमा डावीकडे आणि नावे उजवीकडे असते. त्याप्रमाणे डाव्या बाजूस समानार्थी शब्द, उजव्या बाजूस विरुद्धार्थी. बँक भरतीच्या परीक्षेत समानार्थी व विरुद्धार्थी शब्दांचे प्रश्न हमखास असत. वहीच्या जोरावर मी उत्तीर्ण झालो, नोकरीस लागलो आणि आपल्याला इंग्रजी आली असे समजू लागलो.

तो समज कसा उतरला, ते सांगण्यास आजही संकोच वाटतो.

मी नव्याने अधिकारी झालो होतो. एका व्यापाऱ्याच्या कॅश क्रेडिटची मर्यादा वाढवून मिळावी असा प्रस्ताव मी तयार केला. दिवाळीचा सिझन तोंडावर होता आणि त्यांना माल भरायचा होता. व्यवहार चोख, पत उत्तम. हे गृहस्थ या भागात सर्वांना माहीत आहेत, असे मला लिहायचे होते. ‘फेमस’ हा शब्द मला शाळकरी वाटला. वहीत त्याच्या डाव्या बाजूस चार शब्द होते. त्यांतला सर्वांत भारदस्त वाटला तो उचलला आणि लिहिले की हे या परिसरातील ‘नोटोरिअस’ व्यापारी आहेत.

वाचकांपैकी ज्यांना या शब्दाचा अर्थ ठाऊक आहे ते हसतील. ‘नोटोरिअस’ म्हणजे सर्वांना माहीत असलेला हे खरे, पण दुष्कीर्तीमुळे माहीत असलेला. मराठीत सांगायचे तर ‘प्रख्यात’ लिहायच्या जागी मी ‘कुख्यात’ लिहिले होते. वरच्या कार्यालयातून प्रस्ताव परत आला. हे गृहस्थ असे असतील तर आपण शिफारस कोणत्या आधारावर केली, असा खुलासा मागितला होता. खुलासा, दुरुस्ती, पुन्हा सह्या यांत तीन आठवडे गेले. ते व्यापारी दर दोन दिवसांनी शाखेत येत, समोरच्या खुर्चीवर बसत आणि विचारीत, ‘‘साहेब, कागद कुठं अडला?’’ मी म्हणे, ‘‘वर आहे, येईल.’’ मंजुरी आली तेव्हा निम्मा सिझन सरला होता. कागद माझ्या एका शब्दाशी अडला होता, हे मी त्यांना कधीही सांगितले नाही. ते आज हयात नाहीत.

त्यानंतर मी वहीच्या प्रत्येक खात्याखाली रेघ मारून तिसरा रकाना पाडला, वाक्याचा. शब्द ज्या वाक्यात भेटला ते वाक्य आणि त्याखाली माझे स्वतःचे एक. हळूहळू कळू लागले की समानार्थी शब्द एकाच धान्याची पोती असली, तरी प्रत प्रत्येकाची निराळी. ‘थ्रिफ्टी’ म्हणजे काटकसरी, ‘स्टिंजी’ म्हणजे चिक्कू. दोघेही पैसा कमी खर्च करतात. पण पहिला शब्द ऐकून माणूस सुखावतो आणि दुसरा ऐकून दुखावतो. ‘चीप’ आणि ‘इनएक्स्पेन्सिव्ह’ दोन्ही स्वस्तच. परंतु आपल्या मालाला ‘चीप’ म्हटले, तर तो हलका आहे असेही ऐकणाऱ्याच्या मनात येते.

विरुद्धार्थी शब्दांत तर चकवे फार. पुढे ‘इन’ लागले की अर्थ उलटतो असे आम्ही घोकले होते. पण ‘व्हॅल्युएबल’ म्हणजे मौल्यवान आणि ‘इनव्हॅल्युएबल’ म्हणजे अनमोल. आपल्या ‘अमूल्य’ शब्दाची घडण अशीच आहे. ‘अ’ लागला म्हणून मूल्य गेले नाही, मोजण्यापलीकडे गेले. ‘डिसइंटरेस्टेड’ हा शब्द मी अनेक वर्षे ‘रस नसलेला’ या अर्थाने वापरला. त्याचा नेमका अर्थ आहे, ज्याचा स्वतःचा स्वार्थ गुंतलेला नाही असा, म्हणजे निःपक्षपाती. जन्मभर ‘इंटरेस्ट’ आकारणाऱ्या बँकवाल्याला एवढे तरी ठाऊक असायला हवे होते.

निवृत्तीनंतर वाचनास सवड मिळाली. इंग्रजीतील प्रसिद्ध पर्यायकोश करणारे पीटर मार्क रॉजे हे पेशाने डॉक्टर. शब्दांचे वर्गीकरण त्यांनी १८०५ साली आपल्यापुरते सुरू केले आणि कोश प्रसिद्ध झाला १८५२ साली, वयाच्या ७३ व्या वर्षी. मला धीर आला. पण त्याहून नवल वाटले ते आपल्याच घरात हे धन किती जुने आहे, हे पाहून. कवी धनंजयांची ‘नाममाला’ हा संस्कृत पर्यायशब्दांचा कोश आहे. बाराव्या शतकात आचार्य हेमचंद्रांनी ‘अभिधानचिंतामणी’ हा समानार्थी शब्दांचा कोश रचला आणि एका शब्दाचे अनेक अर्थ सांगणारा ‘अनेकार्थसंग्रह’ वेगळा केला. आणि त्यांच्याही आधी, विक्रम संवत १०२९ मध्ये, कवी धनपालांनी धारानगरीत ‘पाइयलच्छीनाममाला’ हा प्राकृत पर्यायशब्दांचा कोश रचला. तो त्यांनी आपली धाकटी बहीण सुंदरी हिच्यासाठी रचला.

ही गोष्ट मी वाचली तेव्हा एक छान माहिती म्हणून टिपून ठेवली होती. त्या दुपारी बहीण वही मांडीवर घेऊन बसली असता तीच गोष्ट मला टोचू लागली. हजार वर्षांपूर्वी एका भावाने बहिणीसाठी अख्खा कोश रचला. माझ्या बहिणीने तयार वही मागितली, ती मी दिली नाही. आणि न दिल्याचे लक्षातही ठेवले नाही.

ती माझ्याहून दोन वर्षांनी लहान. दहावीला तिचे गुण माझ्यापेक्षा अधिक होते. तिला पुढे शिकायचे होते. वडिलांनी महिनाभर विचार केला. पुण्याला कोणाकडे ठेवायचे, समाज काय म्हणेल, स्थळ चांगले आले आहे, अशी चर्चा रोज रात्री ओसरीवर होई. मी तेव्हा सुट्टीत घरी होतो. मी काहीही बोललो नाही.

‘‘मला शिकव,’’ ती म्हणाली. ‘‘परीक्षेसाठी नको. आलेलं पत्र माझं मला वाचता आलं पाहिजे.’’

ती पंधरा दिवस राहिली. आम्ही नवी वही केली. रोज पाचच शब्द; दुसऱ्या दिवशी ते पाच पुन्हा, आठवड्याने पुन्हा. शब्द कोशातून काढायचे नाहीत. विम्याचे पत्र, बँकेचे पासबुक, औषधाची चिठ्ठी, वीजबिल यांतून घ्यायचे. डावी बाजू, उजवी बाजू आणि खाली वाक्य. माझी एकच अट होती, वाक्य पुस्तकातले नको, स्वतःच्या घरातले हवे. मला वर्षानुवर्षे न जमलेले तिला चार दिवसांत जमले. ‘अर्जंट’ या शब्दावर तिने लिहिले, ‘माझ्या सुनेचे प्रत्येक काम अर्जंट असते.’ ‘अ‍ॅडिक्वेट’ म्हणजे पुरेसे, यावर लिहिले, ‘डब्यात डाळ अ‍ॅडिक्वेट आहे, पाहुणे आले तर नाही.’ शब्दाची मर्यादा याहून चांगली मला समजावता आली नसती.

नवव्या की दहाव्या दिवशी ‘रिलक्टंट’ हा शब्द आला. डाव्या बाजूस मी ‘अनविलिंग’ लिहिले. तिने विचारले, ‘‘फरक काय?’’ मी सांगितले, ‘‘अनविलिंग म्हणजे मनातून तयारच नसलेला. रिलक्टंट म्हणजे आढेवेढे घेणारा. त्याचं मन मागेपुढे होत असतं.’’ तिने थोडा वेळ विचार केला आणि लिहिले. इंग्रजी मोडके होते, पण अर्थ स्वच्छ होता: ‘मला कॉलेजात पाठवण्यास वडील रिलक्टंट होते.’

मी म्हणालो, ‘‘पाठवलं तर नाही त्यांनी. मग ‘अनविलिंग’ लिहायला हवं.’’

‘‘नाही,’’ ती म्हणाली. ‘‘महिनाभर झोपले नव्हते ते. मी बघत होते. मला हाच शब्द पाहिजे.’’

मी गप्प राहिलो. चाळीस वर्षे शब्द गोळा करून जे मला साधले नाही, ते तिने एका ओळीत केले होते. दोन शब्दांपैकी कठोर शब्द हाताशी असताना तिने वडिलांसाठी खरा आणि सौम्य शब्द निवडला. माझ्यासाठी तिने कोणता शब्द निवडला असता, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही.

पुढे संवत्सरीला मी शिरवळला गेलो. प्रतिक्रमणानंतर तिने वही पुढे केली आणि विचारले, ‘‘क्षमेला इंग्रजीत काय काय म्हणतात?’’ मी सांगितले, किरकोळ चुकीला ‘एक्स्क्यूज’, अधिकार असलेल्याने द्यायची ती ‘पार्डन’, मनापासून करायची ती ‘फर्गिव्ह’. ‘‘आणि मिच्छामि दुक्कडम्?’’ माझे दुष्कृत मिथ्या होवो, एवढाच त्याचा अर्थ. डाव्या बाजूस लिहायला मला शब्द सापडेना. मी तिला हात जोडले आणि तेच म्हणालो. कशाबद्दल, ते तिने विचारले नाही.

जुनी लाल वही आता तिच्याकडे आहे. वाचकांना एवढीच विनंती, आपल्या घरात आई, बहीण, पत्नी, सून यांच्यापैकी कोणी एखादे पत्र न वाचता कपाटात ठेवून दिले असेल, तर ते केवळ वाचून देऊ नका. एक कोरी वही आणा, पहिल्या पानावर त्या पत्रातला एक शब्द लिहा आणि खालचे वाक्य त्यांना लिहू द्या.