आपलं तळं कोणी बनवलं?



जंगलातलं तळं म्हटलं की मुलांच्या डोळ्यांसमोर कॅलेंडरवरचं चित्र येतं. निळंशार पाणी, काठाला टोकदार झाडं, मागे बर्फाचे डोंगर आणि माणूस एकही नाही. अशी तळी खरोखर आहेत. कॅनडा, फिनलंडच्या सूचिपर्णी जंगलांत ती हजारोंनी आहेत. हिमयुगात तिथे बर्फाचे जाड थर होते. ते सरकताना जमीन खरवडली गेली आणि बर्फ वितळल्यावर खळग्यांत पाणी साचलं. माणूस मात्र तिथेही आहे. कॅनडातले मूळ रहिवासी हजारो वर्षं त्या तळ्यांवर मासेमारी करत आलेत. फक्त चित्रात ते दिसत नाहीत.

आपल्या सह्याद्रीत असे हिमथर नव्हते. इथे लाव्हारसाचा काळा कातळ. पाऊस धो धो पडतो आणि उतारावरून निघून जातो. म्हणून महाराष्ट्रात मोठी नैसर्गिक सरोवरं फार थोडी. लोणारचं सरोवर झालं तेही उल्कापातामुळे. बाकी मोठं पाणी दिसतं ते बहुतेक माणसाने अडवलेलं.

आपल्या आंबेगाव तालुक्यातलं तळंही तसंच. आहुप्याच्या बाजूला उगम पावणारी घोड नदी डिंभे इथे अडवली आहे. कुकडी प्रकल्पातल्या पाच धरणांपैकी हे एक. जलाशयाचं नाव हुतात्मा बाबू गेनू सागर. बाबू गेनू याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे. परदेशी कापडाचा ट्रक अडवताना १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत त्यांना मरण आलं. धरणाच्या वरच्या अंगाला भीमाशंकरचं अभयारण्य. १९८५ साली जाहीर झालेलं, आपल्या राज्यप्राण्याचं, म्हणजे शेकरूचं घर. त्या डोंगरांत महादेव कोळी समाजाची गावं आहेत. भात पिकवणारी, हिरडा गोळा करणारी.

आता मुलांना हमखास चकित करणारी गोष्ट. आपल्या तालुक्याचं नाव आंबेगाव, पण तालुक्याचं ठिकाण घोडेगाव. मग आंबेगाव कुठे? ते या पाण्याखाली गेलं.

माझ्या आजीचं माहेर याच बुडालेल्या पट्ट्यातलं. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की जुन्या बांधकामांचे अवशेष उघडे पडतात. एकदा आजीला तिथे नेलं होतं. ती बराच वेळ काठावर उभी राहिली. मग चिखलाकडे बोट दाखवून म्हणाली, "तिथं आमची चिंच व्हती." बाकी काही बोलली नाही.

आणि मी शिकवते लोणीत. तालुका तोच, पण हा पूर्वेचा, पर्जन्यछायेतला भाग. पश्चिमेला भातखाचरं तुडुंब आणि आमच्याकडे उन्हाळ्यात हंडे रांगेत. इथलं काही शिवार अजून त्या पाण्याची वाट बघतंय. हा पाठ शिकवला तेव्हा एका मुलीने विचारलं, "मॅडम, धरण आपल्याच तालुक्यात आहे, मग पाणी आपल्याला का नाही?"

याचं एका ओळीचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. तिचा प्रश्न रास्त आहे. आणि माझ्या आजीचीही बाजू आहे, तिची चिंच त्याच पाण्याखाली आहे. मी वर्गात दोन्ही सांगितलं. फळ्यावर नकाशा काढला. पश्चिमेला जंगल, मग धरण, त्याचे दोन्ही कालवे, आणि सगळ्यात पूर्वेला लोणी. उतार कुठे, पाणी आपोआप कुठवर येईल, कुठे पंपाने उचलावं लागेल, हे मुलांनी बोटाने शोधलं. टीएमसीचं गणितही झालं. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, साधारण २,८३१ कोटी लिटर. मुलांनी त्याचे हंडे करायला घेतले, वहीची ओळ पुरेना!

शिक्षक मित्रांनो, "निसर्गरम्य तळे" हा निबंध लिहून घ्यायला हरकत नाही. पण आपल्या जवळच्या कुठल्याही पाण्याबद्दल तीन प्रश्न मुलांना घरून विचारून आणायला सांगा. हे पाणी कोणी अडवलं? इथे आधी कोण राहत होतं? आणि आता ते कोणाकोणाला मिळतं? पालकांनो, उत्तर माहीत नसेल तर आजी-आजोबांना विचारा. ती माणसं आहेत तोवरच हा पाठ घरात शिकता येतो.