केळव्याच्या वाळूवरून

केळवे रोड स्टेशनवर उतरले की गाव अजून बरेच आत आहे. रिक्षा पानमळ्यांच्या कडेने जाते, शीतलादेवीचे देऊळ येते आणि सुरूच्या बनापलीकडे एकदम समुद्र दिसतो. दिवाळीच्या सुटीत आम्ही घरची मंडळी तेथे पोहोचलो, तेव्हा ओहोटी लागली होती. घट्ट, ओल्या वाळूवर पोरांनी क्रिकेट मांडले होते. यष्ट्या सुरूच्या फांद्यांच्या, आणि चेंडू पाण्यात गेला की फलंदाज बाद!

गोलंदाजाला सहज विचारले, “काय रे, पुढे कुठे खेळणार?”

“हॅरिस शील्ड, काका!”

एका गव्हर्नरसाहेबाचे नाव या किनाऱ्यावर ऐकून मला गंमत वाटली. लॉर्ड हॅरिस १८९० ते १८९५ मुंबईचे गव्हर्नर होते. गोऱ्यांच्या पोलोच्या घोड्यांनी मैदान उकरले जाते, अशी देशी खेळाडूंची तक्रार होती; साहेबांना तिची फारशी कणव आली नाही. पण मुंबईच्या शाळांच्या स्पर्धेला नाव मिळाले ते त्यांचेच. स्पर्धा शतकाहून अधिक काळ टिकली आणि मुलांनी ती आपली करून टाकली.

१९८८ साली आझाद मैदानावर शारदाश्रमच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची अखंड भागी केली. २०१३ साली पृथ्वी शॉने एकट्याने ५४६ धावा काढल्या. तो विरारचा, शाळा मात्र वांद्र्याची.

विरारच्याही पुढे, केळव्याला लागून असलेल्या माहीमचा शार्दूल ठाकूर. बोईसरच्या शाळेकडून खेळताना प्रशिक्षक दिनेश लाड यांच्या नजरेत भरला. स्पर्धा मुंबईतल्या शाळांची, म्हणून शाळा बदलायला हवी. आणि घर तर इतके दूर! लाडांनी त्याला बोरिवलीच्या शाळेत घेतले आणि स्वतःच्या घरी ठेवून घेतले. पुढे याच स्पर्धेत त्याने एका षटकात सहा षटकार ठोकले. जानेवारी २०२१मध्ये ब्रिस्बेनच्या कसोटीत त्याने सात बळी घेतले आणि ६७ धावांची मोलाची खेळी केली, तेव्हा या पट्ट्यात किती आनंद झाला असेल!

२०१३पासून विरारच्या पुढे डहाणूपर्यंत लोकल धावू लागली. तरीही चर्चगेट येथून ८० किलोमीटरांहून अधिक. पहाटे किट खांद्यावर घेऊन गर्दीत शिरणाऱ्या पोराची पहिली लढत गोलंदाजाशी नसतेच, ती असते या अंतराशी. अंगात गुण असून भागत नाही. शहरात कुणाचे तरी दार उघडावे लागते.

भरती येऊ लागली. पोरांनी यष्ट्या उपटल्या. तो गोलंदाज जाता जाता थांबला.

“काका, तुम्ही मुंबईत कुठे राहता?”

“गोरेगावला.”

“मग तुमच्या जवळपास शाळा असेल ना, हॅरिस शील्ड खेळणारी?”

मी चौकशी करीन म्हणालो. त्याच्या आईकडून पत्ता लिहून घेतला. तो कागद अजून माझ्या टेबलावर आहे. सुटी संपण्यापूर्वी दोन शाळांत जाऊन यायचे आहे.