नशिराबादहून सांगवीकडे

जळगावहून भुसावळकडे निघाले की महामार्गावर नशिराबाद लागते. प्रवासी येथे सहसा थांबत नाही. त्याचे लक्ष भुसावळ जंक्शनवरच्या गाडीकडे लागलेले असते. वाङ्मयाची आवड असलेल्या माणसाला मात्र हे गाव मोक्याच्या जागी वसलेले वाटावे. जवळच आसोदे, बहिणाबाई चौधरींचे माहेर. पुढे वाघूर ओलांडून भुसावळ गाठावे, तापीचा पूल पार करून सातपुड्याच्या रोखाने केळीच्या मळ्यांतून जावे, की यावल तालुक्यात सांगवी येते. २७ मे १९३८ रोजी भालचंद्र नेमाडे यांचा जन्म या सांगवीत झाला. लगतच्या फैजपूरला १९३६ साली काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले होते, हे जुन्या मंडळींकडून अनेकांनी ऐकले असेल.

नेमाडे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकले आणि १९६३ साली, वयाच्या पंचविशीत, त्यांची ‘कोसला’ प्रसिद्ध झाली. नायकाचे नाव पांडुरंग सांगवीकर. गावाकडच्या सधन घरातला हा मुलगा शिकायला पुण्यास जातो, वसतिगृहात रमतो, खानावळीचा कारभार अंगावर घेऊन तो खोटीत आणतो, परीक्षांत घसरतो आणि शेवटी हात हलवीत गावी परततो. मधेच धाकट्या बहिणीचा मृत्यू येतो. त्या भागातली पाने सलग वाचवत नाहीत. ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ या शब्दांची त्याने लावलेली माळ पुढे दोन पिढ्यांच्या तरुणांच्या तोंडी बसली.

समीक्षकांनी या कादंबरीत तरुणाचा एकाकीपणा पाहिला, आणि तो आहेच. परंतु व्यापारी घरातल्या वाचकाला तिच्यात आणखी एक गोष्ट दिसेल, ती म्हणजे बाप आणि मुलगा यांच्यातला हिशेब. बापाने आयुष्यभर जोडले, मुलासाठी पैसे पाठविले. मुलाला त्या जोडण्याचाच वीट आला. वडील कठोर आहेत, व्यवहारी आहेत, आणि पांडुरंग त्यांना सूट देत नाही. तथापि सारी कथा मुलाच्या तोंडून आली आहे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. त्याच घटना वडिलांनी सांगितल्या असत्या तर? आपल्या पेढ्यांवर बसलेल्या कित्येकांकडे ती दुसरी कादंबरी तयार असेल. मुलाला पुण्या-मुंबईस पाठवायचे, आणि तो परत गादीवर बसेल की नाही याचा विचार मनात दाबून ठेवायचा, हे आपल्या घरांना नवे नाही.

शीर्षकाविषयीही थोडे सांगावेसे वाटते. कोसला म्हणजे रेशमाच्या किड्याचा कोश. त्या किड्याचा जीव घेऊन धागा काढतात, म्हणून रेशीम वर्ज्य मानणारी कुटुंबे आपल्यात आहेत. त्यांना हे नाव इतरांपेक्षा अधिक टोचेल.

पुढे ‘बिढार’, ‘जरीला’, ‘झूल’ या कादंबऱ्यांत चांगदेव पाटील हा प्राध्यापक गावोगावच्या महाविद्यालयांतून नोकरी करीत फिरतो. नेमाड्यांनी स्वतःही बराच काळ इंग्रजीचे अध्यापन केले, लंडनमध्येही शिकविले. ज्याचे त्याचे साहित्य आपल्या भूमीत रुजलेले असावे, हा त्यांचा देशीवाद याच अनुभवातून वाढला असावा, असे मला वाटते. त्यावर वाद पुष्कळ झाले. त्यांत येथे शिरत नाही.

‘कोसला’नंतर सत्तेचाळीस वर्षांनी, २०१० साली, ‘हिंदू: जगण्याची समृद्ध अडगळ’ आली. तिचा नायक खंडेराव पुरातत्त्वाचा अभ्यासक आहे. मोहेंजोदडोचे उत्खनन करीत असता वडील अत्यवस्थ असल्याचे कळते आणि तो मोरगावला निघतो. पुन्हा घरी परतणारा मुलगा आहे. पण या वेळी तो घराण्याचा, गावाचा, शेतीचा हजारो वर्षांचा साठा उलगडत येतो. पांडुरंगाने ज्याकडे पाठ फिरविली, तेच खंडेराव एकेक करून हाती घेतो. वारसा टाकावा की सांभाळावा, हे शीर्षकातल्या दोन शब्दांतच आले आहे: समृद्धही आणि अडगळही. मला ‘कोसला’पेक्षा ही कादंबरी मोठी वाटते, जरी ती पसरट आहे.

२०१४ सालचा ज्ञानपीठ पुरस्कार नेमाडे यांना मिळाला. मराठीत त्यापूर्वी तो वि. स. खांडेकर, कुसुमाग्रज आणि विंदा करंदीकर या तिघांनाच लाभला होता.

घरातल्या महाविद्यालयीन मुलाच्या टेबलावर ‘कोसला’ बहुधा सापडेलच. ती वडिलांनीही वाचावी, आणि मुलाने ‘हिंदू’ हाती घ्यावी. सहाशे पानांच्या घरात जाणारा तो ग्रंथ आहे. चातुर्मासात, संध्याकाळी दुकान लवकर वाढवले की, रोज थोडा थोडा करून तो पुरा होतो.