पावसाचा खंड आणि सात आकडे

सी भाषेच्या सरावात अ‍ॅरेवरचं एक गणित होतं: दिलेल्या आकड्यांत अट पाळणारा सलग सर्वांत लांब पट्टा शोधा. पुस्तकातले आकडे कशाचेच नव्हते. आमच्या वाशी तालुक्यात मात्र हेच गणित माणसं पारावर बसून तोंडी करतात. २०२३ च्या ऑगस्टमध्ये पाऊस गेला तो गेलाच. सोयाबीन फुला-शेंगांत, आणि ज्याच्या त्याच्या तोंडी एकच प्रश्न, आपल्या महसूल मंडळात पावसाचा खंड किती दिवसांचा झाला? पीकविम्याच्या आगाऊ रकमेसाठी २१ दिवसांच्या खंडाची अट होती. पुढं सरकारनं दुष्काळ जाहीर केलेल्या ४० तालुक्यांत वाशीचं नाव आलं. मी अ‍ॅरेत पाऊसच भरायचा ठरवला.

आधी कागदावर एक तारखेपासूनचे सात दिवस मांडले: १२, ०, १, ०, ४, ०, ० मिलिमीटर. दोन चल घेतले, ‘चालू’ आणि ‘मोठा’. कोरडा दिवस आला की चालूमध्ये एक मिळवायचा, पाऊस आला की चालू शून्य. चालू मोठ्याच्या पुढं गेला की मोठा तेवढाच करायचा.

पण कोरडा कोणता? आमच्या आबांना विचारलं, “एक मिलिमीटर म्हणजे पाऊस धरायचा का?”

“एवढ्यानं ढेकूळ तरी भिजतंय का गं?”

हवामान खातंही २.५ मिलिमीटर झाल्याशिवाय तो पावसाचा दिवस धरत नाही. अट ‘बरोबर शून्य’ ठेवली तर उत्तर येतं २, ‘२.५ पेक्षा कमी’ ठेवली तर ३. लूप तोच, आकडे तेच. एका अटीनं खंडाचा एक दिवस वाढतो, आणि २१ च्या उंबरठ्यावर तो एक दिवस फार मोठा असतो.

मोठ्याशी तुलना रोज करायची, हेही महत्त्वाचं. पाऊस आल्यावरच केली, तर महिना संपतानाही चालू असलेला खंड मोजणीतून निसटतो. त्या ऑगस्टसारखा महिना असेल तर नेमका तोच हवा असतो.

मोबाइलवरच्या कंपायलरनं ३ दाखवले. आबांनी लगेच विचारलं, “कुठल्या तारखेपासून?” मग ‘सुरुवात’ असा तिसरा चल घेतला, चालू एक झाला की ती जागा त्यात ठेवायची, आणि मोठा बदलला की ती जागा वेगळी जपायची. उत्तर आलं १. अ‍ॅरे शून्यापासून मोजतो, म्हणून छापताना त्यात एक मिळवला: दोन तारीख.