डावा हात

आमच्या पहिल्या गाडीचा गिअर जमिनीवर नव्हता. स्टिअरिंगच्या मानेतून डावीकडे निघालेला एक बारीक दांडा, टोकाला आवळ्याएवढी गोळी. तो दांडा ओढायचा, वर ढकलायचा, खाली आणायचा आणि हे सगळं रस्त्यावरची नजर न हलवता. मी सारखा खाली बघायचो. शिकवणारा मिस्त्री म्हणाला, "साहेब, डावीकडं बघायचं नाही. हाताला डोळे फुटू द्या."

फुटले. महिनाभरानं.

गाडी १९८६ साली साताऱ्यातल्या एका डॉक्टरांकडून घेतलेली. कागदावर प्रीमियर पद्मिनी. घरात, गल्लीत, गॅरेजात मात्र फियाटच. कंपनी १९४४ साली सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी काढलेली, कारखाना कुर्ल्याला, तरी तोंडी बसलं ते इटलीचं नाव. माझ्या मामांकडे तिची थोरली बहीण होती, पन्नासच्या दशकातली, पुढे आलेल्या नाकाडाची. तिला लोक सरळ 'डुक्कर फियाट' म्हणत. मामांना ते लागायचं. गाडी पुसताना ते तिच्या बोनेटवरून असा काही हात फिरवत, की जणू म्हणत होते, तू मनावर घेऊ नकोस.

तोवर मला माझ्या डाव्या हाताची विशेष ओळख नव्हती. आमच्याकडे डाव्याला मान कुठे असतो? जेवायला उजवा, सहीला उजवा, नमस्काराला दोन्ही लागतात म्हणून हा घ्यायचा. गाडीतही आधी उजव्याचाच तोरा. खिडकीबाहेर निघून वळण्याची खूण करणारा तो, मागच्याला 'जा पुढे' म्हणणारा तो. आत राबणारा डावा. पण गाडी चालवायला लागलो आणि पाहिलं, कामं सगळी याच्याच गळ्यात. गिअर टाकणं, काचेवरची वाफ फडक्यानं पुसणं, मागे भांडणाऱ्या भाच्यांच्या दिशेनं न बघता एक फटका भिरकावणं. तो बहुतेक वेळा सीटलाच बसायचा, पण दरारा राहायचा.

दांडा वर असल्यामुळे पुढे खाली मोकळं, आणि सीट सलग, दिवाणखान्यातल्या सोफ्यासारखी. उजवीकडे मी, डावीकडे ही, मध्ये मुलगी. मुलगी बसायची नाहीच. डॅशबोर्डला धरून उभी. पट्ट्याचं नाव तेव्हा आमच्यात कुणी काढत नव्हतं. आज ते आठवलं की पोटात गोळा येतो.

खंबाटकीला बोगदा व्हायचा होता. चढणारे-उतरणारे सगळे त्या एकाच घाटात, ट्रकच्या धुरात. एकदा चढताना आमच्याच रेडिएटरचं पाणी उकळलं. चूक माझी, निघताना झाकण उघडून बघायचा आळस केला होता. अर्धा तास दगडावर बसून इंजिन थंड होऊ दिलं, पिण्याच्या पाण्यातलं निम्मं त्याला पाजलं आणि वर पोचलो. आता उशीर झाला म्हणून उताराला जरा सैल सोडली. वळणावर पुढची एसटी अचानक उभी राहिली. पाय ब्रेकवर गेला हे मला कळलं. पण डावा हात गिअर सोडून मुलीच्या छातीशी कधी आडवा झाला, ते कळलं नाही. गाडी थांबली तेव्हा तो तिथं होता, दारावरच्या आडण्यासारखा. तिचं नाक माझ्या मनगटावर आपटलं होतं आणि ती रडण्याऐवजी हसत होती. मी हात टाकला नव्हता. तो गेला होता.

तेव्हापासून तो जातच राहिला. कुत्रं आडवं आलं, सिग्नल पडला, खड्डा उशिरा दिसला, की हात डावीकडे. शेजारी कोण आहे हे तो बघत नसे. एकदा आमच्या साहेबांनाही त्यानं असंच अडवलं.

त्याच्या मानाचा प्रश्न एकदाच निघाला. मोरगावहून परतताना हिनं मागून आलेला खोबऱ्याचा तुकडा माझ्या तळहातावर ठेवला. मागून आई कडाडली, "अगं, प्रसाद डाव्या हातात?" मी म्हटलं, "आई, उजवा स्टिअरिंगवर आहे." "मग गाडी थांबव." थांबवली. रस्त्याकडेला बाभळीखाली उजव्या हातानं प्रसाद खाल्ला, गिअर टाकला आणि निघालो. गिअर टाकला तो डाव्यानंच. आईला ते चाललं.

मारुती आठशेच्या पहिल्या गिऱ्हाइकाला १९८३ च्या डिसेंबरात दिल्लीला इंदिरा गांधींच्या हातून किल्ल्या मिळाल्या. आमच्या दारात ती यायला १९९५ उजाडलं. ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं इंजिन. फियाटनंतर तिचा आवाज कुजबुजल्यासारखा वाटायचा. पण गिअर आता जमिनीवर आला, पुढच्या सीटा दोन झाल्या आणि मुलगी मागे गेली. नवराबायकोच्या मध्ये हँडब्रेक. हाताला नवी जागा आठवडाभरात समजली, जुनी खोड मात्र तशीच. ब्रेक दाबला की तो हिच्याकडे. "मी काय पडतेय का?" असं ती म्हणायची. हात बाजूला मात्र कधी केला नाही.

पुढे एक डिझेलची आली, मग एक लांब डिकीची. त्या होत्या, त्यांनी नेलं-आणलं, त्यांच्याविषयी मला याहून जास्त काही वाटत नाही. विकताना आरटीओचे फॉर्म, एकोणतीस आणि तीस. सह्या उजव्यानं केल्या. ज्यानं लाखभर किलोमीटर गिअर टाकले, त्याला कुणी विचारलं नाही.

डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि मुलीनं ऑटोमॅटिक घ्यायला लावली. क्लच नाही, गिअर टाकणं नाही. डावा पाय आणि डावा हात एकाच दिवशी निवृत्त. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली, ती बातमी मी चहा पिताना वाचली. हिनं विचारलं, "टेबलावर काय वाजवताय?" मी काही वाजवत नव्हतो. बोटं आपली आपणच पहिला, दुसरा करत होती.

मोतीबिंदूनंतर मी शेजारच्या सीटवर आलो. परवा मुलगी वाईला नेत होती. सुरूर फाट्याच्या अलीकडे उसाची ट्रॉली वळली, पुढचा टेम्पो थबकला, मुलीनं ब्रेक दाबला. तिचे दोन्ही हात स्टिअरिंगवर, शिकवलेत तसे. पट्ट्यानं मला धरलं. आणि माझा डावा हात सवयीनं डावीकडे गेला, दाराच्या काचेवर आपटला.

"बाबा, काय झालं?"

"काही नाही. काच खाली करत होतो."

तिनं तिच्या बाजूचं बटण दाबलं. काच सरकत खाली गेली आणि उसाचा वास आत आला.