सभाधीटपणा

१ ऑगस्ट म्हणजे आमच्या शाळेत लोकमान्य टिळकांची पुण्यतिथी, आणि पुण्यतिथी म्हणजे भाषणं. फोटोला झेंडूचा हार, पटांगणात मांडी घालून बसलेली पोरं आणि समोर एक टेबल. माईक नसायचाच. मराठीच्या बाई आठवडाभर आधी मला टेबलाशी उभं करत आणि स्वतः पार पलीकडच्या कडुनिंबाखाली जाऊन थांबत. ‘‘इथवर आलं पाहिजे. ओरडू नकोस, शब्द पुरता उच्चार.’’

सहावीत असताना टिळकांच्या शेंगांच्या टरफलांच्या गोष्टीपर्यंत पोचले आणि पुढचं सगळं विसरले. हातापायांना कंप सुटला. बाई बाजूनं हळूच म्हणाल्या, ‘‘थांब. सगळ्यांकडे बघ. मग बोल.’’ मी बघितलं. पहिल्या रांगेतली एक मुलगी तोंड उघडं टाकून पुढच्या वाक्याची वाट बघत होती. ते वाक्य आठवलं. समोरचे लोक आपल्याला पाडायला नाही, ऐकायला बसलेले असतात, हे मला तिच्या चेहऱ्यानं शिकवलं.

उन्हाळ्यात व्याख्यानमाला असायची. पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली. ती चालवणाऱ्या संस्थेचं नावच ‘वक्तृत्वोत्तेजक सभा’. त्या मालेच्या वळणावर गावोगावी माला निघाल्या. आमच्या गावात फलटणच्या मुधोजी महाविद्यालयाचे प्राचार्य शिवाजीराव भोसले येणार म्हटलं, की दुकानं लवकर बंद व्हायची. हातात कागद नाही, आणि तासभर ओघ तुटत नाही. सतरंजीवर बसलेले हमाल, वकील, शिक्षक सगळे सारखेच गुंगलेले. दुसऱ्या दिवशी चावडीवर त्या विषयाची चर्चा चाले. बोलणारे घडत होते, कारण ऐकणारे तयार होते.

आता माझी भाची हिंजवडीत नोकरी करते. वार्षिक मूल्यमापनात तिला सांगण्यात आलं, की काम उत्तम आहे, ‘एक्झिक्युटिव्ह प्रेझेन्स’, म्हणजे चारचौघांसमोर बोलताना पडणारा ठसा, कमी पडतो. ‘‘मावशी, हे कुठून आणू?’’ तिनं विचारलं. मी तिच्या एका ऑनलाइन मीटिंगला शेजारी बसले. पडद्यावर अठरा काळे चौकोन, सगळ्यांचे कॅमेरे बंद, माईक बंद. ती स्लाइड वाचत होती. मान डोलावणारं कोणी नाही, भुवई उंचावणारं कोणी नाही. अशा ठिकाणी आवाजात जोर यावा तरी कसा?

पुढे ती भाषणाचा सराव करून घेणाऱ्या टोस्टमास्टर्सच्या क्लबात जाऊ लागली. ही चळवळ १९२४ साली कॅलिफोर्नियातल्या सांता ॲना इथे राल्फ स्मेडली यांनी सुरू केली. एकदा तिच्याबरोबर मीही गेले. आयत्या वेळी विषय देऊन एक-दोन मिनिटं बोलायला लावतात. ‘अं... अं...’ किती वेळा आलं, ते एक जण मोजतो. वेळ सरत जाईल तसा हिरवा, पिवळा, लाल दिवा. शेवटी एक जण उभा राहून काय जमलं आणि काय सुधारायचं, हे प्रेमानं सांगतो. हे आमच्या वेळी नव्हतं, आणि त्याची उणीव मोठी होती. वर्गातली ठरलेली चार मुलं बोलायची. बाकीची चाळीस जन्मभर टाळ्या वाजवायची. नंबर आला नाही तर का आला नाही, ते कोणी सांगत नसे. पाठांतरालाच आम्ही वक्तृत्व समजत होतो. आज कुणालाही, कुठल्याही वयात शिकता येतं, ही फार चांगली गोष्ट झाली.

सहा महिन्यांनी भाचीनं कंपनीत वरिष्ठांसमोर उभं राहून मांडणी केली. पहिलं वाक्य पाठ, पुढचे फक्त मुद्दे. आकडा सांगितला की एक श्वास थांबायचं, आणि त्या श्वासात समोरच्यांकडे बघायचं. स्लाइड फक्त तीन. घरी येऊन म्हणाली, ‘‘मावशी, ते ऐकत होते!’’ मला कडुनिंबाखालच्या बाई आठवल्या.

मराठीत या गुणाला जुना शब्द आहे, सभाधीटपणा. त्यात सभा आधी येते, धीटपणा मागून. आरशासमोर किंवा काळ्या चौकोनांसमोर तो येत नाही; माणसं समोर लागतात. म्हणून एवढंच मागणं आहे: तुमच्या सोसायटीच्या गणपतीत पाच मिनिटं राखून ठेवा, आजवर कधीच न बोललेल्या एखाद्या मुलाला किंवा सुनेला उभं करा, आणि मोबाइल खिशात ठेवून त्या बोलणाऱ्याकडे बघा.